थोड्या दिवसांचे ससे

खोक्याला भोकं पाडलेली होती, हे तिनं आधी पाहिलं. आत काय आहे ते नंतर. बसथांब्यामागे बागेच्या जाळीला टेकवून कोणीतरी ते ठेवलं होतं. मिक्सरचं खोकं, वरून चिकटपट्टी मारलेली, आणि चारही बाजूंना पेन्सिल खुपसून पाडलेली गोल भोकं. ओळीनं, सारख्या अंतरावर, फाटलेल्या कडा बोटानं आत दाबून नीट केलेल्या. तिचं सगळं आयुष्य हातकामात गेलं होतं. दुसऱ्याच्या हाताचं काम तिला लगेच वाचता यायचं. हे घाईचं काम नव्हतं. कोणीतरी बसून, वेळ घेऊन, आतल्याला श्वास घेता यावा म्हणून ही भोकं पाडली होती, आणि मग तेच खोकं उचलून इथं आणून ठेवलं होतं. सव्वाआठ वाजले होते. समोरून तिची बस येत होती. हात वर करायचा, चढायचं, डावीकडची खिडकी मिळाली तर बसायचं, नाहीतर दांडा धरून उभं राहायचं. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं. पण खोकं हललं. हललं म्हणजे एका बाजूला किंचित कललं, आतलं कोणीतरी अंग चोरून दुसऱ्या कोपऱ्यात सरकावं तसं. बस थांबली, ड्रायव्हरनं तिच्याकडे पाहिलं, ती जागची हलली नाही, बस गेली.

तिनं चिकटपट्टी नखानं सोडवली. आत दोन ससे होते. एक पांढरा, एक तपकिरी, एकमेकांना इतके चिकटलेले की क्षणभर तिला तो दोन रंगांचा एकच प्राणी वाटला. खाली जुना टॉवेल अंथरलेला होता. टॉवेल धुतलेला होता. साबणाचा वास अजून गेला नव्हता. तिला त्या वासाचाच राग आला. घाणेरडं फडकं असतं, ओलं खोकं असतं, तर सोपं होतं. कोण असतील ते नालायक, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण टॉवेल धुणाऱ्या माणसाला काय म्हणायचं? त्या माणसानं आदल्या दिवशी तो वाळत घातला असेल, संध्याकाळी घडी केली असेल, आणि घडी करताना त्याला ठाऊक असेल की हा कशासाठी. पांढऱ्यानं नाक हलवलं. तपकिऱ्यानं तेवढंही केलं नाही. त्याच्या पाठीवर तिनं दोन बोटं ठेवली, तर कातडीखाली काळीज इतक्या जोरात धडधडत होतं की तिनं बोटं पटकन मागे घेतली, आपणच ते धडधडवतोय असं वाटून.

ती दातांच्या लॅबमध्ये काम करायची. दाताचे डॉक्टर माणसांच्या जबड्यांचे ठसे पाठवायचे आणि त्यांवरून ती कवळ्या बनवायची. प्लास्टरचे जबडे, गुलाबी मेणाच्या हिरड्या, चपट्या डबीत रंगांप्रमाणे लावून ठेवलेले दात. ज्यांच्यासाठी ते दात असायचे ती माणसं तिला कधी दिसायची नाहीत. फक्त त्यांचा चावा दिसायचा: कोण डाव्या बाजूनं खातं, कोण झोपेत दात खातं, कोणी वर्षानुवर्षं ओठ आवळून काढलीत. त्या दिवशी ती पाऊण तास उशिरा, काखोटीला मिक्सरचं खोकं घेऊन पोचली तेव्हा सगळ्यांनी माना वर केल्या. पॉलिशवाल्यानं यंत्र बंद करून खोक्यात डोकावलं.

"काय ताई, गिऱ्हाईक स्वतःच आलंय का माप द्यायला?"

"बागेजवळ सापडले."

"यांना काय कवळी बसवणार तुम्ही! जन्मभर यांचे दात वाढायचे थांबत नाहीत. सगळी माणसं अशी असती तर आपण उपाशी मेलो असतो." मग तिचा चेहरा बघून त्यानं आवाज खाली आणला. "माझ्या मेव्हणीच्या गल्लीत एक बाई आहेत. टाकलेले ससे सांभाळतात. विचारू का?"

दिवसभर खोकं तिच्या पायाशी होतं. मेण तापवताना, हिरडीला आकार देताना तिचं अर्धं लक्ष खाली. दुपारी डबा खायला बसल्यावर तिनं गाजराचा तुकडा आत टाकला. पांढऱ्यानं तो घेतला आणि कुरुकुरु खाऊ लागला. तपकिरी त्याच्याकडे बघत राहिला.

सशांच्या बाई निवृत्त ग्रंथपाल होत्या. पुस्तकांना घालतात तसं प्रत्येक पिंजऱ्याला त्यांनी चिठ्ठी चिकटवलेली होती: कधी आला, कुठे सापडला, काय खातो, कशाला घाबरतो. दोन खोल्या आणि मागचा व्हरांडा, त्यात चौदा ससे. घराला सुक्या गवताचा वास होता. त्यांनी खोक्यात हात घातला, दोघांना उलटसुलट करून पाहिलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"पांढरी मादी आहे, हा नर. बहीणभाऊ असतील किंवा लहानपणापासून एकत्र वाढलेले. शाळांना सुट्ट्या लागल्या ना, माझ्याकडे रांग लागते बघा. गावाला जायचंय, घर बदलायचंय, सशाचं काय करायचं? सोडून द्या बागेत, खाईल गवत. अहो, घरच्या सशाला बागेतलं काय कळतंय? कुत्र्यानं नाही धरला तर भीतीनं मरतो. खरंच मरतो, कथा सांगत नाही मी." त्यांनी व्हरांड्याकडे हात केला. "पण जागा बघताय ना तुम्ही. तुमच्याकडे राहतील का? थोडे दिवस. जागा झाली की मी येऊन नेईन. फक्त दोघांना वेगळं करू नका. आणि एक ध्यानात ठेवा. ससा खायचा थांबला की दिवस मोजायचे नसतात, तास मोजायचे."

ती हो म्हणाली. गवताची पिशवी, पाण्याची बाटली, एक जुना पिंजरा असं सगळं रिक्षात घालून घरी निघाली, आणि अर्ध्या वाटेत तिच्या लक्षात आलं की आपण 'हो' बाईंना म्हटलंच नव्हतं. आपण त्या दोन शब्दांना हो म्हटलं होतं. थोडे दिवस. ती सहा वर्षांची असताना मावशीच्या दारात उभं राहून आई हेच म्हणाली होती: थोडे दिवस हं, शहाण्यासारखी राहा. आईच्या कडेवर धाकटा भाऊ होता, दीड वर्षाचा, त्याच्या हातात आईचं मंगळसूत्र आणि तोंडात तिचा अर्धा पदर. बाबा आजारी होते. दूरच्या एका मोठ्या इस्पितळात त्यांना ठेवायचं होतं, आणि आई नर्स असल्यामुळे तिला तिथंच काम मिळालं होतं. या सगळ्या गोष्टी तिला नंतर, तुकड्यातुकड्यांनी कळल्या. तेव्हा फक्त एवढंच कळलं होतं की तिची पिशवी खाली ठेवली गेली आणि भाऊ कडेवरच राहिला. दुसऱ्या वर्षी बाबा गेले. मग आईच्या इस्पितळातल्या पाळ्या, मग मावशीकडची शाळा चांगली, मग हे वर्ष होऊन जाऊ दे, मग परीक्षा. थोडे दिवस नऊ वर्षं चालले. मावशी वाईट असती तर बरं झालं असतं. पण मावशी चांगली होती, तिनं कधी हात उगारला नाही, काकांनी कधी हिशोब काढला नाही. त्यामुळे तक्रार करायलासुद्धा जागा राहिली नाही. पंधराव्या वर्षी ती आईकडे परत आली तेव्हा तिला त्या घरात भांडी कुठल्या फळीवर असतात हे विचारावं लागलं होतं, आणि भावानं, तोवर दहा-अकरा वर्षांच्या, मोठ्या आदबीनं तिला दाखवलं होतं, पाहुण्याला दाखवावं तसं.

आता आई तिच्याकडे राहायची. चार वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून. भाऊ परदेशात, दर रविवारी त्याचा फोन. तिचं स्वतःचं लग्न साडेतीन वर्षं टिकलं होतं आणि कोणाचं फारसं न मोडता मोडलं होतं. दोन खोल्यांच्या घरात मायलेकी एकमेकींना सांभाळून राहायच्या. दोघी गोळ्यांच्या वेळा बोलायच्या, दुधाचं बोलायच्या, भावाच्या मुलांचं बोलायच्या. त्या नऊ वर्षांचं कधी बोलायच्या नाहीत. ती वर्षं बैठकीतल्या जड कपाटासारखी होती: हलवायचं कोणाच्या मनात येत नाही, दोघी वळसा घालून जातात.

"काय गं हे?" आई खुर्चीतून म्हणाली.

"ससे."

"ससे आहेत ते दिसतंय. एक कान गेलाय माझा, डोळे आहेत अजून. इथं कशाला?"

"थोडे दिवस ठेवायचेत."

आईनं तिच्याकडे पाहिलं नाही. सशांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "त्या तपकिऱ्याला काहीतरी होतंय."

सकाळी पिंजऱ्यात तिनं घातलेली पानं तशीच होती. तशीच म्हणजे पांढरीनं आपल्या बाजूची संपवलेली आणि दुसऱ्या बाजूची अनाघ्रात. तपकिऱ्यानं एक पान तोंडात धरलं, वळवलं, आणि ते गळून पडलं. त्यानं पुन्हा धरलं, पुन्हा पडलं. मग तो भिंतीकडे तोंड करून बसला. तिच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. सुट्टी मागायचा फोन करताना तिचा आवाज इतका बदलला होता की मालकांनी विचारलं, आई बऱ्या आहेत ना?

दोघांनाही खोक्यात घालून ती जनावरांच्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी तपकिऱ्याचं तोंड उघडलं आणि त्या काही बोलायच्या आत ती म्हणाली, "चावा जुळत नाही." खालचे दोन दात कोयत्यासारखे वर वळून आले होते, वरचे आत मुडपलेले. एकमेकांवर घासत नव्हते, त्यामुळे झिजत नव्हते, नुसते वाढत होते. भुकेनं कासावीस झालेला जीव, समोर अन्न, आणि मध्ये स्वतःचेच दात.

"तुम्हाला कसं कळलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझं कामच ते."

डॉक्टरांच्या हातातलं कापायचं यंत्र तिच्या टेबलावर असतं त्याच जातीचं होतं. तोच बारीक आवाज, तोच जळक्या शिंगासारखा वास. फक्त इथं दातामागे एक जीव होता. तिनं त्याचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं. कान तिच्या मनगटावर गरम लागत होते. बावीस वर्षांत तिनं हजारो दात घासले असतील, आणि हे पहिलेच, ज्यांच्यामागून कोणीतरी तिच्याकडे बघत होतं.

"दर चार आठवड्यांनी हे करावं लागणार," डॉक्टर म्हणाल्या. "जन्मभर. म्हणजे अजून सहा-सात वर्षं धरा. दोघांचंही नसबंदीचं ऑपरेशन झालेलं आहे. म्हणजे कोणीतरी यांचं व्यवस्थित केलं होतं एके काळी. मग दातांचं सुरू झालं असेल आणि कंटाळले असतील." त्यांनी सुई नसलेली एक सिरिंज दिली, हिरव्या भुकटीचं पाकीट दिलं. "आतडी पुन्हा चालू व्हायला हवीत. पातळ करून भरवा. थोडं थोडं, दिवसातून सहादा. तो थुंकेल. तुम्ही सोडायचं नाही."

सहादा भरवायचं तर घरी कोणीतरी हवं, आणि लॅबमध्ये दोन डॉक्टरांच्या कवळ्या तटलेल्या. ती भुकटीचं पाकीट हातात घेऊन स्वयंपाकघरात नुसती उभी राहिली.

"आण इकडे," आई म्हणाली. "बत्तीस वर्षं माणसांना भरवलंय मी. हा तर चिमूटभर आहे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती लॅबमधून घरी आली तेव्हा आई खुर्चीत बसली होती, मांडीवर जुनी चादर, चादरीत गुंडाळलेला तपकिरी, फक्त तोंड बाहेर. आई सिरिंज त्याच्या गालात बाजूनं सरकवत होती आणि बोलत होती. "अरे बोळक्या, गीळ की. एवढा एक. हां. शहाणा माझा तो. आता आणखी एक, मग सोडते तुला." हिरवा ओघळ हनुवटीवरून गळत होता, आईनं तो पदरानं पुसला. ती दारातच थांबून ऐकत राहिली. हा आवाज तिनं ऐकलेला होता. भिंतीपलीकडून ऐकलेला होता. पंधराव्या वर्षी परत आल्यावर भावाला गोवर निघाला होता, आणि आई शेजारच्या खोलीत त्याला असंच भरवत होती. तेव्हा ती पुस्तकात डोकं घालून बसली होती आणि एक ओळ अकरा वेळा वाचली होती. आता ती एकोणपन्नास वर्षांची होती, डोक्यात पांढरे केस होते, आणि तिला एका सशाचा हेवा वाटत होता. स्वतःचीच लाज वाटून तिनं चपला जरा जोरात काढल्या.

"खाल्लं का?" तिनं विचारलं.

"चार वेळा. दोनदा माझ्या अंगावर," आई म्हणाली. तिच्या गालांवर रंग आला होता.

चौथ्या दिवशी तपकिऱ्यानं स्वतःहून एक पान खाल्लं. दोघींनी ते वाकून पाहिलं. पान आत जात होतं, देठ शेवटी, कागद यंत्रात ओढला जावा तसा, आणि आई एकदम म्हणाली, "गेलं!" जणू कोणी शर्यत जिंकली. पण एका वेळी एक-दोनच पानं. बाकीचं सिरिंजनंच. आणि तेही पांढरी शेजारी असेल तरच. एकदा पिंजरा धुताना तिनं पांढरीला न्हाणीघरात ठेवलं तर तपकिऱ्यानं अर्धा तास तोंड मिटून घेतलं.

त्या न उघडणाऱ्या तोंडाकडे बघताना तिला मावशीकडचा पहिला दिवस आठवला. किंबहुना तो ती कधी विसरलीच नव्हती. तिन्हीसांजेला मावशीनं पान वाढलं होतं, गरम भात आणि दूध. आई अजून गेली नव्हती, दारात चपला घालत होती. आणि ती जेवली होती. सगळं जेवली होती, वर पुन्हा मागून घेतलं होतं. मान वर केली तेव्हा दार रिकामं होतं. त्यानंतर वर्षानुवर्षं, शाळेत, अंथरुणात, पुढे लग्नाच्या घरातसुद्धा, तिला एकच वाटत आलं होतं: आपण तेव्हा जेवायला नको होतं. तोंड मिटून बसलो असतो, एक दिवस, दोन दिवस, तर मावशीनं घाबरून तार केली असती आणि आई येऊन घेऊन गेली असती. ताटात समोर येईल ते निमूट संपवायची तिला सवय होती, लोक कौतुक करायचे, आणि प्रत्येक वेळी रिकाम्या ताटाकडे बघताना तिला कुठंतरी आपण पुन्हा हरलो असं वाटायचं. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते नव्हतंच. एवढ्याशा भाताचं कोण काय करणार!

तिसऱ्या आठवड्यात सशांच्या बाईंचा फोन आला. एक जोडपं ससा दत्तक घ्यायला तयार आहे, चांगली माणसं आहेत, घर पाहून आलेय. रविवारी दुपारी ती दोघं आली. तो स्कूलबस चालवायचा, ती पार्लरमध्ये कामाला. दोघं जमिनीवर मांडी घालून बसली, घाई केली नाही, आवाज केला नाही. पांढरी आपणहून त्या मुलीच्या गुडघ्याशी गेली आणि तिच्या ओढणीचं टोक चघळू लागली. मुलगी हसली, आणि ते हसू इतकं खरं होतं की तिलाही बरं वाटलं. मग तिनं तपकिऱ्याचं सांगितलं. दात, चार आठवडे, सिरिंज.

नवराबायकोनं एकमेकांकडे पाहिलं. "आम्ही दोघंही दिवसभर बाहेर असतो हो," तो म्हणाला. "ह्या पांढरीचं आम्ही नक्की करू. पण त्याचं... आम्हाला जमणार नाही आणि मग त्याचे हाल होतील. खोटं कशाला बोलू?"

ती रागावूही शकली नाही. बुधवारपर्यंत कळवते म्हणाली. मग बाईंना फोन करून सगळं सांगितलं. "वेगळं करू नये हे मीच सांगितलं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "पण खरं सांगू? अशा दातांचा ससा आजवर माझ्याकडून कोणी नेलेला नाही. त्याच्यापायी तीही पिंजऱ्यातच म्हातारी होईल. एक तरी सुटेल. तुम्ही ठरवा. तुम्ही त्यांना पाहताय."

फोन ठेवून ती ओट्याशी गेली आणि सिरिंज धुऊ लागली. बाहेर आई खुर्चीत, मांडीवर तपकिरी. दुपारचं ऊन आईच्या पायांपर्यंत आलं होतं.

"जाऊ दे पांढरीला," आई म्हणाली. "ती खाते. कुठंही ठेवली तरी खाईल ती, तिचं काही अडायचं नाही. हा राहील आपल्याकडे. न खाणाऱ्याला जवळ ठेवावं लागतं. खाणाऱ्याला देता येतं."

आईनं ते सहज म्हटलं होतं. बत्तीस वर्षांच्या वॉर्डातल्या अनुभवानं म्हटलं होतं, कुठली खाट दाराशी ठेवायची आणि कुठली नर्सच्या टेबलाशी, तसं. पण नळाखालच्या तिच्या हातांना पाण्याचा स्पर्श कळेनासा झाला. तिनं नळ बंद केला. बाहेर येऊन आईच्या उजव्या बाजूला उभी राहिली, बहिऱ्या कानाच्या बाजूला, आणि अगदी हळू म्हणाली, "म्हणून मला ठेवलंस का मावशीकडे?"

आई हलली नाही. तपकिऱ्याच्या पाठीवरून तिचा हात फिरत राहिला. ऐकू गेलं नसावं. तिला जरा हायसं वाटलं. विचारूनही झालं आणि काही बिघडलंही नाही. ती आत वळली.

"ऐकू आलं मला," आई म्हणाली.

ती तिथंच पलंगाच्या कडेवर बसली.

"तुझा भाऊ माझ्याशिवाय कोणाच्या हातचा घास घेत नव्हता," आई सशाकडे बघत बोलत होती. "मावशीनं दोन दिवस करून बघितलं होतं आधी, दोघांनाही ठेवून घेते म्हणाली. त्यानं पाणीसुद्धा तोंडात धरलं नाही. तू कुठंही जेवायचीस. मी चपला घालत होते, दारातून बघत होते. तू दुसऱ्यांदा भात मागितलास. मला वाटलं, चला, हिला काही नाही झालं. सुटल्यासारखी जिना उतरले मी."

"तूच म्हणाली होतीस, शहाण्यासारखी राहा."

"म्हणाले असेन."

"म्हणून जेवले. भूक नव्हती मला. मला वाटलं, सगळं संपवलं तर तू खूश होशील आणि..." पुढचं वाक्य सहा वर्षांच्या मुलीचं होतं, ते या आवाजात म्हणता येईना.

आईचा हात थांबला. तपकिऱ्यानं डोकं वर करून तिच्या तळव्याला ढुशी दिली, हात चालू ठेव म्हणून. आईनं तो पुन्हा चालू केला. खालच्या रस्त्यावर कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती.

"चुकलं का गं माझं?"

या प्रश्नाची उत्तरं तिच्याकडे तयार होती. इतकी वर्षं घासूनपुसून ठेवलेली, एकालाही कुठं टोचायला टोक राहिलेलं नाही अशी. तू तरी काय करणार होतीस, बाबांचं तसं, माझं चांगलंच झालं की. त्यांतलं कुठलंही एक उचलायचं आणि बसवायचं, बस्स. तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "हो."

आईनं मान डोलावली. एकदा, मग पुन्हा एकदा. आजार आपल्याला आधीपासून ठाऊक असावा आणि डॉक्टरांनी आज तो नाव घेऊन सांगावा, तशी. मग म्हणाली, "आण ती सिरिंज. याची वेळ झाली. आणि जरा मान धर याची, माझ्या एका हातानं होत नाही नीट."

तिनं खाली बसून त्याची मान धरली. आईची वाकडी झालेली बोटं आणि तिची प्लास्टरनं कोरडी पडलेली बोटं त्या एवढ्याशा डोक्याभोवती एकमेकांवर आली, आणि भरवणं संपेपर्यंत तशीच राहिली. मग सशाला खाली सोडल्यावरही थोडा वेळ राहिली.

बुधवारी तिनं त्या जोडप्याला कळवलं, दोघं एकत्र, नाहीतर नाही. ती मुलगी हिरमुसली, पण म्हणाली, "मला वाटलंच होतं. तुमच्या जागी मीही हेच म्हटलं असतं." बाईंनी त्या जोडप्याला दुसरा ससा दाखवायचं कबूल केलं, आणि मग फोनवर सुस्कारा टाकला. "आणि तुमच्या या दोघांचं काय करायचं आता? माझ्याकडे अजून जागा नाही हो."

"जागा नको," ती म्हणाली. "अर्ज आणा."

बाई शनिवारी आल्या. ग्रंथपालाचा अर्ज तो, चार पानी, आणि त्या एकही रकाना सोडायला तयार नव्हत्या. घरात उघड्या वायरी आहेत का? प्राण्यांचे डॉक्टर किती अंतरावर? तुम्ही आजारी पडलात तर यांचं कोण बघेल? ती जेवणाच्या टेबलाशी बसून लिहीत होती. 'प्राणी का घ्यायचा आहे' या रकान्यापाशी ती बरीच अडली. बाई म्हणाल्या, काहीही लिहा, लोक आवड म्हणून लिहितात. तिनं लिहिलं: 'दोघं एकत्र आले म्हणून.' आई खुर्ची ओढून शेजारी येऊन बसली होती, चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचत होती, इस्पितळात केस पेपर वाचायची तसा बोटाखाली शब्द धरून. शेवटच्या पानावर तिचं बोट थांबलं.

"हे काय आहे?"

बाईंनी वाकून वाचलं. "काही कारणानं सांभाळणं शक्य न झाल्यास प्राणी संस्थेकडे परत आणून द्यावा. ते सगळ्यांसाठी असतं, आजी. परत आणला तर आम्ही कोणाला बोलत नाही. रस्त्यावर टाकण्यापेक्षा बरं ना?"

"खोड ते," आई तिला म्हणाली.

"अहो आजी, छापील नियम आहे तो. त्यांच्याच भल्यासाठी..."

"असू दे छापील. भल्यासाठीच असतं सगळं." आईनं बोट उचललं नाही. "खोड गं."

तिनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, मायलेकींकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि हात हवेत उडवून खिडकीबाहेर बघू लागल्या. तिनं त्या ओळीवर पेन टेकवलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढली.

"अशी नाही सोडायची," आई म्हणाली. "खाडाखोड केली की शेजारी सही लागते. नाहीतर ती धरत नाहीत." तिनं लेकीच्या हातातून पेन घेतलं आणि समासात नाव लिहायला सुरुवात केली. पहिलं अक्षर वर चढलं, दुसरं खाली आलं. लेकीनं कागदाची कड दाबून धरली, तो सरकू नये म्हणून, आणि आईचं पूर्ण नाव लिहून होईपर्यंत दाबून ठेवली.